भावोजींचा बाक

सुवा लिपा स्टेशनावर फलाट एकच, आणि त्या फलाटावर हिरवे बाक चार. एका मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भूगोलाचे निवृत्त शिक्षक व्लास्तिमिर मास्तर फिरत फिरत तिथे पोचले, तर चारही बाकांवर कोणीतरी लाल रंगाने फुल्या मारून ठेवलेल्या. वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचं कारण म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत मास्तरांनी जे सतरा अर्ज केले, त्यांतल्या प्रत्येकाची सुरुवात याच वाक्याने झाली.

फुलीचा अर्थ साधा होता. रेल्वेमार्ग नव्याने बांधायचा होता, स्टेशन चकचकीत व्हायचं होतं, लाकडी बाक जाऊन तिथे भोकाभोकांच्या पत्र्याच्या खुर्च्या यायच्या होत्या. गावाला यात काहीच वावगं वाटलं नाही. पण नळाजवळचा बाक हा नुसता बाक नव्हता. त्यावर भावोजी बसले होते.

भावोजी कोण, असं सर्बियात विचारणारा माणूस एकतर परदेशी असतो नाहीतर तान्हा. बेचाळीस वर्षांपूर्वी ‘बंबाची वरात’ नावाचा सिनेमा आला, पहिल्याच आठवड्यात आपटला, आणि नंतर दर नव्या वर्षाला टीव्हीवर लागून लागून अख्ख्या देशाला तोंडपाठ झाला. तीन भाऊ बहिणीच्या लग्नाला तांब्याचा भला मोठा बंब घेऊन निघतात. रविवार, त्यामुळे सामानाची खिडकी बंद. मग ते बंबाला ओव्हरकोट चढवतात, वर टोपी ठेवतात, त्याचं माणसाचं तिकीट काढतात आणि त्याला फलाटावरच्या बाकावर आपल्या मधोमध बसवतात. तपासनीस येऊन विचारतो, “हे कोण?” थोरला भाऊ हातातली सिगारेट बाकाच्या कडेवर विझवतो आणि शांतपणे म्हणतो, “हे आमचे भावोजी. बोलतात कमी, पण आतून फार गरम आहेत.”

हे वाक्य त्या देशात कुठे वापरलं जात नाही ते सांगा. लग्नात नवऱ्याबद्दल वापरतात, दवाखान्यात तापाच्या पेशंटबद्दल, गॅरेजमध्ये इंजिनाबद्दल. आणि दहांतले नऊ जण चुकीचं वापरतात. “बोलतात कमी, तापतात फार!” असं म्हणून खो खो हसतात. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो इथे. “‘तापतात’ नाही! ‘पण आतून फार गरम आहेत’! त्या ‘पण’मध्ये सगळी गंमत आहे!” पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला चुकीच्या जागी दाखवलेली नदी जशी सहन होत नाही, तसंच हे. एकदा तर एका शेजाऱ्याच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात कोणीतरी मयताच्या आठवणी सांगताना हे वाक्य चुकवलं, आणि मास्तरांनी भर पंगतीत, विधवेच्या देखत, ते दुरुस्त केलं. त्यानंतर मास्तरांच्या पत्नी देसांकाबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

शिवाय मास्तरांचं नातं नुसतं प्रेक्षकाचं नव्हतं. ते या गावात नोकरीवर रुजू व्हायला आले, त्याच दिवशी स्टेशनावर त्या प्रसंगाचं शूटिंग चालू होतं. गाडी तीन तास अडवून ठेवली, मास्तर शाळेत उशिरा पोचले आणि पहिल्याच दिवशी मस्टरवर शेरा बसला. एवढं होऊनही त्यांनी सिनेमाला माफ केलं, यावरून प्रेमाची खोली लक्षात यावी. सिनेमात त्या प्रसंगी उजव्या कोपऱ्यात दोन सेकंद एक पाठमोरं डोकं दिसतं. ते मास्तरांचं. देसांकाबाईंच्या मते तो सिग्नलचा खांब आहे.

असो. मास्तर तडक स्टेशनमास्तरच्या खोलीत गेले. खुर्चीत स्लाविशा बसला होता. हा त्यांचाच विद्यार्थी, याने परीक्षेत डॅन्यूब नदी उलटी वाहवली होती.

“सर, या या! कॉफी सांगू?”

“कॉफी राहू दे. नळाजवळच्या बाकावर फुली का आहे?”

“चारही बाकांवर आहे, सर. सगळे भंगारात.”

“त्या बाकावर भावोजी बसले होते, स्लाविशा!”

“अरे हो की!” स्लाविशाचा चेहरा फुलला. “बोलतात कमी, तापतात फार!”

मास्तरांनी डोळे मिटले, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि एवढंच विचारलं की हा बाक वाचवायला कोणाला भेटायचं. स्लाविशाने सांगितलं की फलाट रेल्वेचा, पण बाक नगरपालिकेने कधीकाळी भेट दिलेले, तेव्हा नगरपालिकेत जा. नगरपालिकेत सांगितलं की एकदा भेट दिली ती वस्तू आमची कशी, तुम्ही संस्कृती विभागात जा. संस्कृती विभागातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “तुमचा वारसा चल आहे की अचल?”

“बाक आहे, बाई. तो चालत नाही.”

“म्हणजे अचल. अचल दुसऱ्या मजल्यावर.”

दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ म्हणाला, “बाक जमिनीला स्क्रूने पक्का बसवलाय का? बसवलेला असेल तोवर अचल. काढला की चल झाला, मग पहिल्या मजल्यावर.”

“अहो, पण काढला की तो भंगारात जाणार!”

“मग भंगारात गेल्यावर या. तेव्हा त्याची स्थिती स्पष्ट असेल.”

मास्तरांनी पस्तीस वर्षांत अनेक ढ मुलं पाहिली होती, पण त्यातल्या एकानेही इतक्या आत्मविश्वासाने उत्तर दिलं नव्हतं. ते घरी येऊन अर्ज लिहायला बसले. उन्हाळा अर्जांत गेला. उत्तर एकाचंही आलं नाही. एकाची पोच मात्र आली, त्यात त्यांचं नाव ‘श्रीमती व्लास्तिमिरा’ असं लिहिलेलं होतं.

शेवटी ऑगस्टच्या अखेरीला स्लाविशाचाच फोन आला. “सर, एक मार्ग आहे. भंगारात काढलेलं सामान कोणालाही फुकट न्यायची परवानगी आलीय. अट एकच, सगळं उचलायचं. एकेक वस्तू नाही. यादीच्या यादी. शुक्रवारपर्यंत.”

“यादीत आहे काय?”

“फार नाही हो, सर. किरकोळ.”

त्या किरकोळ यादीत चार बाक होते, प्रतीक्षागृहातल्या दोन बिडाच्या शेगड्या होत्या, सामान तोलायचा माणूसभर उंचीचा काटा होता, हातगाडा होता, थुंकण्यासाठी ठेवलेली अकरा पांढरी भांडी होती आणि ‘फक्त महिलांसाठी’ असं लिहिलेला एक दरवाजा होता, चौकटीशिवाय. मास्तरांनी सही केली. घरी हे सांगितलं नाही. घरी सांगायची गोष्ट आणि सही करायची गोष्ट यांत मास्तरांनी थोडं अंतर ठेवलं, त्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला.

मास्तर राहायचे तीन मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर मिलुतिन राहायचा, निवृत्त बस ड्रायव्हर, तोंडाने फटकळ, पण ट्रक मिळवून देण्यात तरबेज. त्याने चुलतभावाचा ट्रक आणला, दोन माणसं आणली आणि दोन खेपांत सगळं स्टेशन इमारतीच्या आवारात, अक्रोडाच्या झाडाखाली आणून ओतलं. काटा उतरवताना मास्तरांनी, कोणी सांगितलेलं नसताना, खालून आधार दिला. काट्याने त्यांच्या गुडघ्याचं वजन केलं. तेव्हापासून मास्तर लंगडू लागले ते आजतागायत.

आवाज ऐकून पहिल्या मजल्यावरच्या राडोयकाबाई खिडकीत आल्या. राडोयकाबाई इमारतीच्या अध्यक्षा. त्या पदासाठी कोणी दुसरं उभं राहत नसे, पण म्हणून त्यांनी ते कधी हलक्यात घेतलं नव्हतं.

“मास्तर, गाडी किती वाजता सुटते?”

“चेष्टा नको, बाई. हे राष्ट्रीय महत्त्वाचं—”

“हे आवार सामायिक आहे! माझ्या मिरच्या भाजायची जागा ती! पुढच्या आठवड्यात दोन पोती मिरच्या येतायत. काय करू, तुमच्या थुंकीच्या भांड्यांत भाजू?”

मिलुतिन म्हणाला, “अहो, शेगड्या आल्यात ना दोन. त्यांच्यावर भाजा.”

देसांकाबाई खाली आल्या. त्यांनी चार बाक पाहिले, शेगड्या पाहिल्या, झाडाला टेकवलेला दरवाजा वाचला आणि नवऱ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, “अहो, बाक एक होता ना?”

“यादीत चार आहेत.”

“आणि हा दरवाजा कशाला?”

“यादीत आहे.”

त्या रात्री जेवायला मास्तरांना सकाळचं सार मिळालं, गरम न केलेलं. ज्याच्यामुळे देशाच्या सिनेमाचा एक तुकडा वाचला, त्या माणसाला थंड सार. मास्तरांनी ते एक शब्द न बोलता संपवलं, आणि त्या न बोलण्यात जेवढा अपमान भरता येईल तेवढा भरला.

दुसऱ्या दिवशी राडोयकाबाईंनी इमारतीची सभा बोलावली. सभेला बसायला पहिल्यांदाच पुरेशी जागा होती, ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही. ठराव असा झाला की पंधरा दिवसांत सगळं हलवावं. पण पंधरा दिवस म्हणजे ऐन मिरच्यांचा हंगाम. शेगड्या पेटल्या. त्या बिडाच्या शेगड्यांवर मिरच्या अशा काही एकसारख्या भाजल्या जाऊ लागल्या की शेजारच्या इमारतीतल्या बायका पाहायला आल्या. हातगाड्यावर पोती आली, पांढऱ्या भांड्यांत सोललेल्या मिरच्या निथळू लागल्या. (ती उकळून घेतली होती, दोनदा, राडोयकाबाई याबाबतीत ठाम होत्या.) काट्यावर उभं राहून सगळ्यांनी वजनं केली, त्यावरून दोन भांडणं झाली. आणि लोक बाकांवर बसले. वर्षानुवर्षं जिन्यात “कसं काय” एवढंच म्हणणारी माणसं तासन्‌तास बसू लागली. वर्षभराच्या ऐवारच्या, म्हणजे भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या भरल्या तरी ठरावाची आठवण कोणी काढली नाही.

मास्तर मात्र नळाजवळच्या बाकाला पाटी करायच्या तयारीला लागले. पाटीवर वाक्य काय लिहायचं ते ठरलेलंच होतं. ते कोरणाऱ्याला ‘पण’ हा शब्द अधोरेखित करायला सांगायचा की नको, एवढाच प्रश्न उरला होता. आणि तेवढ्यात मिरची सोलता सोलता मिलुतिनने विचारलं, “मास्तर, यातला नळाजवळचा कुठला?”

मास्तर चारही बाकांकडे पाहू लागले. चारही हिरवे. चारही सारखे. ट्रकमधून उतरताना कोण कुठे पडला, देव जाणे.

“बरं, तो कळला समजा,” मिलुतिन पुढे म्हणाला, “तरी भावोजी त्याच्यावरच बसले कशावरून? मला आठवतंय, तीनदा रंगवले हे बाक. रंगवताना उचलून ठेवायचे. परत ठेवताना नळाकडचा नळाकडेच ठेवला असेल? रेल्वेच्या माणसांनी?”

मास्तर मनात हिशोब करू लागले. बेचाळीस वर्षं ते कदाचित भलत्याच बाकाला आदराने वळसा घालत आले होते. कदाचित खऱ्या बाकावर बसून त्यांनी सँडविच खाल्लं होतं. दोन दिवस ते खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी राडोयकाबाईच वर आल्या.

“असे तोंड पाडून काय बसलाय? सिनेमा आहे ना? लावा. बघू तरी कुठला बाक तो.”

रविवारी दुपारी जेवणानंतर मिलुतिनचा टीव्ही कपडे वाळत घालायच्या खोलीत आणला. सगळी इमारत जमली. मास्तरांनी फलाटाचा प्रसंग लावला, थांबवला, पुढे नेला, मागे आणला. लोक हसत होते, आणि प्रत्येक हशाला मास्तर “हसायला नाही बोलावलं, पाहायला बोलावलंय!” म्हणून ओरडत होते. स्वतःही हसत होते, पण ते वेगळं.

“थांबा!” राडोयकाबाई उठून टीव्हीपाशी गेल्या. “सिगारेट कुठे विझवली त्याने? बघा, बाकाच्या कडेवर. डाव्या हाताशी. धूर आला बघा. खरोखरीची पेटलेली सिगारेट आहे ती. डाग पडलाच पाहिजे!”

मास्तरांनी हा प्रसंग शंभरदा पाहिला होता, पण दर वेळी नजर उजव्या कोपऱ्यातल्या डोक्यावर.

त्या दुपारी आवारात खरवडणं सुरू झालं. चार बाकांच्या चार डाव्या कडा. हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली पुन्हा हिरवा, त्याखाली लाकूड. पहिल्या बाकावर काही नाही. दुसऱ्यावर खिळा. तिसऱ्यावर, म्हणजे ज्याच्यावर आठवडाभर राडोयकाबाईंच्या मिरच्यांची परात होती त्याच्यावर, देसांकाबाईंच्या पात्याखाली एक काळा, गोल, बोटाच्या टोकाएवढा डाग निघाला.

देसांकाबाई म्हणाल्या, “अहो, इकडे या. सापडले तुमचे भावोजी.”

मिलुतिनने घरच्या राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली आणली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते रंगाच्या भुकटीवर ढकललं. आणि तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण सत्य सापडल्यावर ते योग्य त्या कार्यालयाला कळवायचं नाही, हे मास्तरांच्या रक्तात नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी संस्कृती विभागाला पत्र लिहिलं. बाकाचा पत्ता, डागाचं माप, साक्षीदारांच्या सह्या. आयुष्यात प्रथमच त्यांच्या पत्राला आठ दिवसांत उत्तर मिळालं. उत्तर आलं ते व्हॅन घेऊन.

व्हॅनमधून उतरले डॉक्टर ओग्न्येन. जिल्ह्याच्या संग्रहालयातले तज्ज्ञ, गळ्यात मफलर, हातात फाइल. सोबत दोन हमाल.

“राष्ट्रीय सिनेमाचा वारसा,” डॉक्टर म्हणाले, “खाजगी आवारात, मिरच्यांच्या धुरात! हा बाक संग्रहालयात जाईल.”

“म्हणजे त्यावर कोणी बसणार नाही?” मास्तरांनी विचारलं.

“बसणार? दोरी लावू आम्ही!”

राडोयकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “आणि यांना हा पत्ता कोणी दिला?” सगळी इमारत मास्तरांकडे पाहू लागली. मास्तर अक्रोडाकडे पाहू लागले.

डॉक्टरांनी चारही बाकांभोवती दोन फेऱ्या मारल्या, भिंग काढलं, मान हलवली आणि चौथ्या बाकावर हात ठेवला. “हा.”

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मिलुतिनने मात्र बरोबर ऐकलं होतं. तो चटकन म्हणाला, “वा! याला म्हणतात नजर! उचला, उचला, उशीर नको.” राडोयकाबाईंनी हमालांना वाट करून दिली. देसांकाबाईंनी नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की तिथे दुसऱ्या दिवशी वळ होता.

दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं गप्प राहायचं होतं. बाक व्हॅनमध्ये जाणार, व्हॅन जाणार, खरा बाक अक्रोडाखाली राहणार. मास्तरांना हे सगळं कळत होतं. पण डोळ्यांपुढे संग्रहालय दिसू लागलं, दोरी, पाटी, शाळेच्या सहली, आणि एका भलत्याच बाकासमोर उभी पोरं वहीत लिहून घेतायत. पिढ्यान्‌पिढ्या. उलटी वाहणारी डॅन्यूब.

“तो नाही!” मास्तर ओरडले.

मिलुतिनने कपाळावर हात मारला.

“तो नाही, डॉक्टर! हा आहे! हा बघा डाग! सिगारेटचा! मी लिहिलंय पत्रात, माप दिलंय!”

डॉक्टर सावकाश वळले. “आपण कोण?”

“मी भूगोलाचा शिक्षक. निवृत्त.”

“मी या चित्रपटावर प्रबंध लिहिलाय. तीनशे दहा पानं.” त्यांनी तिसऱ्या बाकाकडे बोट केलं, त्याला हात न लावता. “या बाकाचा मूळ रंग कोणीतरी रानटीपणाने खरवडून काढलाय. त्याचं वारसामूल्य शून्य. या चौथ्याचा रंग शाबूत आहे.”

“तो रंग दहा वर्षांपूर्वीचा आहे! आणि आम्ही खरवडला तो डाग शोधायला!”

“डाग?” डॉक्टर हसले. “इथे पेटत्या शेगड्या आहेत. इथे डाग कशावर नाहीत?”

“अहो, सिनेमात बघा ना! थोरला भाऊ सिगारेट विझवतो आणि म्हणतो—”

“मला सांगताय? ‘बोलतात कमी, तापतात फार.’ मलपृष्ठावर छापलंय मी ते.”

त्यानंतर मास्तर काय बोलले ते इमारतीत आजही वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं जातं. एवढं नक्की की ‘प्रबंध’ हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला, ‘पण’ या शब्दावर जवळपास पाच मिनिटं भाषण केलं, आणि हमालांच्या हातातला बाक धरून ओढायचा प्रयत्न केला. चुकीचा बाक, जो गेलेला बरा होता, तो. मास्तर जितके ओरडले तितके डॉक्टर ताठ झाले. शेवटी त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, ‘स्थानिक अडथळ्याला न जुमानता अस्सल नमुना ताब्यात घेतला,’ आणि व्हॅन निघून गेली.

मास्तर घामाघूम होऊन उभे होते. राडोयकाबाई खऱ्या बाकावर बसल्या, परात मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमच्याइतकं उपयोगी भांडण मी आजवर पाहिलं नाही.”

मास्तरांना त्यात गंमत वाटली नाही. महिन्याभरात संग्रहालयात तो बाक लागला. दोरीसकट. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली वाक्य छापलेलं, चुकीचं. मास्तरांनी त्याच दिवशी तक्रार लिहिली. पुढच्या आठवड्यात दुसरी. मग संग्रहालयाच्या संचालकांना, मग मंत्रालयाला. गुडघ्यामुळे त्यांना पोस्टापर्यंत चालवत नसे. मिलुतिन रोज त्या बाजूला वर्तमानपत्र आणायला जायचा, तो आपणहून म्हणाला, “द्या इकडे, मी टाकतो.” मास्तरांना बरं वाटलं. गावात निदान एक माणूस तरी सत्याच्या बाजूने आहे.

नोव्हेंबर आला. कोबी आंबवायचे दिवस. देसांकाबाईंनी पिंप भरलं आणि म्हणाल्या, “अहो, पिंपावर ठेवायचा दगड मिलुतिनच्या तळघरात आहे. तो आवारात बसलाय, किल्ली दारालाच आहे. घेऊन या.”

मास्तर लंगडत तळघरात उतरले. दगड फळीखाली होता. फळीवर ऐवारच्या बरण्यांच्या मागे, सुतळीने नीट बांधलेला एक गठ्ठा होता. अक्षर ओळखीचं वाटलं. ओळखीचं असणारच, पस्तीस वर्षं ते फळ्यावर तसंच लिहीत आले होते. संचालकांना लिहिलेलं पत्र, मंत्रालयाला लिहिलेलं पत्र, सगळी. सातही. एकही टपालात पडलं नव्हतं.

रागाने मास्तरांना गुडघ्याचाही विसर पडला. दगड तिथेच टाकून, गठ्ठा हातात घेऊन ते पायऱ्या चढून आवारात आले. स्वच्छ ऊन पडलं होतं. बाकावर मिलुतिन, राडोयकाबाई आणि देसांकाबाई खेटून बसले होते. देसांकाबाई वर नव्हत्या तर! त्या खाली येऊन बसल्या होत्या, नवऱ्याला त्याच तळघरात पाठवून.

“हे काय आहे?” मास्तरांनी गठ्ठा नाचवला. “मिलुतिन! तू मला फसवलंस? मी वाट बघतोय उत्तराची! महिनाभर! मला वाटलं, मंत्रालय मला तुच्छ लेखतंय!”

मिलुतिन उठला नाही. टोपी तेवढी काढली. “मास्तर, तुमचं म्हणणं खरं आहे. शंभर टक्के. म्हणूनच नाही टाकली. एखाद्याने वाचलं आणि पटलं तर? व्हॅन परत येईल ना हो.”

“येऊ दे! सत्य सत्य आहे!”

“मग आम्ही बसायचं कुठे?” राडोयकाबाई म्हणाल्या. त्या भांडत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. “तुला ठाऊक होतं?”

“गठ्ठा मीच बांधलाय,” देसांकाबाई म्हणाल्या. “मिलुतिनला कुठे नीट गाठ मारता येते? म्हटलं, दगड आणायला जाल तेव्हा एकदा कळू दे. रोज तुम्हाला उत्तराची वाट बघताना बघवत नव्हतं.”

मास्तरांना पुष्कळ बोलायचं होतं. विश्वासघात हा शब्द होता, षड्यंत्र होता, आणि कागदावरचा हक्क वगैरे होतं. पण गुडघा आता ठणकू लागला होता. राडोयकाबाई जरा सरकल्या. मिलुतिन सरकला. देसांकाबाईंनी मांडीवरची भाजलेल्या चेस्टनटची पुडी दुसऱ्या बाजूला घेतली. बाकावर एका माणसाची जागा झाली, डाव्या टोकाला, डागापाशी.

मास्तर बसले. बसले, पण पाठ टेकवली नाही, कारण रागावलेला माणूस पाठ टेकवत नसतो. देसांकाबाईंनी एक चेस्टनट सोलून त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी खाल्लं, तेही रागानेच. ऊन अक्रोडाच्या उघड्या फांद्यांतून त्यांच्या गुडघ्यावर येत होतं.

पुढच्या सोमवारी मास्तरांनी आठवी तक्रार लिहिली. आधीच्या सातांपेक्षा ती जास्त कडक होती, चांगली चार पानं. लिहून झाल्यावर त्यांनी ती दोनदा वाचली, पाकिटात घातली, वर मंत्रालयाचा पत्ता सुवाच्य अक्षरात घातला. मग लंगडत खाली जाऊन मिलुतिनचं दार वाजवलं आणि ती स्वतःच्या हाताने त्याच्याकडे दिली. तिकीट मात्र लावलं नाही.